तुमची पेन्सिल वाजते तिथे

काका, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं आमच्या कराडलाही म्हणतात आणि इथे जपानात, इचिकावातही. पण भांडण अर्धं टाकून उठून जाणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या पुस्तकाचं एक पान तुम्ही सात महिने अडवून ठेवलंत. पुस्तक माझ्या बाबांवरचं, आणि पान त्यांच्या शेवटच्या दिवसाचं. ते पान काल छापखान्यात गेलं. कसं गेलं, ते तुम्हाला सांगायला हवं.

इथल्या वर्तमानपत्रात तुमच्यावर चार ओळी आल्या. स्विस लेखक आणि प्रकाशक, चाळीसहून अधिक वर्षं जपानात, छोट्या भाषांमधली पुस्तकं छापणारे वगैरे. सगळं खरं आहे. पण त्यात पेन्सिल नाही. सुतार कानावर खोचतात तसली ती चपटी, लाल पेन्सिल नसेल, तर ते फ्लुरिन-सान दुसरेच कुणीतरी.

आपली ओळख कचऱ्यावर झाली, असं मी शोकसभेत सांगितलं तेव्हा तिथल्या जपानी मंडळींना हसावं की नाही ते कळेना. पण झाली खरी. आमच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या कोपऱ्याची पाळी त्या महिन्यात माझ्याकडे होती. सकाळी कावळ्यांपासून कचऱ्यावर जाळी पसरायची, गाडी येऊन गेली की झाडून घ्यायचं, कुणी चुकीच्या वारी चुकीचा कचरा ठेवला तर त्यावर चिठ्ठी चिकटवायची. त्या दिवशी जुन्या कागदाचा वार होता. सगळ्यांनी मासिकं, पुस्तकं पांढऱ्या दोरीने नीट बांधून ठेवली होती, आणि पांढऱ्या भुवयांचा एक उंच गोरा म्हातारा उकिडवा बसून लोकांच्या गठ्ठ्यांच्या गाठी सोडत होता! मी माझ्या मोडक्या जपानीत म्हटलं, असं चालत नाही. तुम्ही तुमच्या मोडक्या जपानीत म्हणालात, "थांबा, एवढं पान संपू दे." माझं टाळकंच सरकलं. मी मराठीतून पुटपुटले, "काय मेलं म्हातारं आहे, कचऱ्यात वाचनालय काढून बसलंय!"

तुम्ही मान वर केलीत. "हे परत म्हणा."

"काय?"

"आत्ता जे म्हणालात ते. कुठली भाषा मला माहीत नाही, पण ते अगदी खरं होतं."

मग तुम्ही सगळे गठ्ठे पुन्हा बांधलेत, लोकांनी बांधले होते त्याहून घट्ट, आणि उठता उठता विचारलंत, "तुम्ही लिहिता का?" बाबांवर मी एका वहीत लिहीत होते, हे घरात नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं. आणि मी बावळट, हातात झाडू घेऊन तुम्हाला हो म्हणून बसले.

तुमच्या घराच्या तळमजल्यावर मी पहिल्यांदा आले तेव्हा छपाईचं जुनं यंत्र होतं, आणि समोरासमोर दोन लाकडी खुर्च्या होत्या. मधे टेबल. भिंतीवर गवताच्या गाडीवर बसलेल्या दोन मुलांचा फोटो. "एक मी, एक आंद्री, माझा भाऊ," एवढंच म्हणालात आणि जवाचा गार चहा ओतायला लागलात. तुमची गोष्टही तशीच तुकड्यातुकड्यांनी कळली. तुमच्या देशातल्या एका कंपनीने तुम्हाला कावासाकीत छपाईयंत्र बसवायला तीन वर्षांसाठी पाठवलं. त्या छापखान्याच्या ऑफिसात फुमिको-सान होत्या. त्यांच्याशी लग्न झालं आणि तीन वर्षांचं सगळं आयुष्य झालं. संध्याकाळी तुम्ही तुमच्या दरीतल्या भाषेत लिहायचात. ती भाषा बोलणारी माणसं तुमच्याच देशात मोजकी, मग जपानात कुठून असणार! "माझे सगळे वाचक एका बसमध्ये मावतील," म्हणायचात, "आणि बस अर्धी रिकामी राहील."

ऐकणारं कुणी नाही म्हणून तुम्ही फुमिको-सानना वाचून दाखवायला लागलात. त्यांना त्यातला एक शब्द कळत नसे. त्या समोर बसून ऐकायच्या आणि मधेच टेबलावर पेन्सिल वाजवायच्या. टक टक. "इथे तू खोटं बोललास." तुम्ही भांडायचात, चिडून झोपायला जायचात, आणि सकाळी ते पान उघडलं की त्या बरोबर निघायच्या. त्यातून प्रकाशन निघालं. त्याचं नाव जपानीत "दोन खुर्च्या", आणि नियम एकच. लेखकाने अख्खं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं, तेही ती भाषा न येणाऱ्या माणसाला. जिथे पेन्सिल वाजेल ते पान घरी न्यायचं. फुमिको-सान गेल्यावर पेन्सिल तुमच्या हातात आली. एका फिलिपिनो नर्सने तुमच्या समोरच्या खुर्चीत बसून वाचलं, एका नेपाळी स्वयंपाक्याने वाचलं, ओकिनावाच्या एका आजींनी वाचलं. तुम्ही स्वतः मात्र त्यानंतर नऊ वर्षं एक ओळ लिहिली नाहीत.

टोकियोतल्या ओजिमात आमच्या गणपतीच्या मीटिंगला मी हे सगळं कौतुकाने सांगितलं, तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, शेंडी लावतोय तो म्हातारा तुला. मराठीतलं ओ की ठो कळत नाही आणि म्हणे खोटं ओळखतो!" मलाही तोच संशय होता. म्हणून एका रविवारी मी तुमची परीक्षा घेतली. वहीत गोड्या मसाल्याचं रिकामं पाकीट ठेवलं आणि बाबांवरचा मजकूर असल्यासारखं तेच गंभीर आवाजात वाचलं. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, कोरड्या जागी ठेवावे, ओला चमचा वापरू नये. तुम्ही डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलंत. पेन्सिल वाजली नाही. शेवटी म्हणालात, "लिहिणारा प्रामाणिक आहे. पण हा माणूस तुम्ही नाही. तुमचं पुस्तक कधी वाचताय?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काका. त्या दिवसापासून मी तुम्हाला काका म्हणायला लागले. त्याचा अर्थ सांगितला तर म्हणालात, "म्हणजे वडिलांचा भाऊ. मग भांडायची परवानगी आहे."

बाबांवरचं बहुतेक पुस्तक तुमच्यासमोरून सरळ पुढे गेलं. बाबा जमिनीच्या मोजणी खात्यात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला शिवारात न्यायचे आणि मोजणीच्या साखळीचं एक टोक माझ्या हातात द्यायचे. एका बांधावर मी, शंभर फुटांवर ते, आणि तिकडून आरोळी, "धर गं घट्ट! सोडू नकोस!" आयुष्यभर शिवारात ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की घरात मीठ मागितलं तरी शेजारचे दार उघडून बघायचे. हे वाचताना तुम्ही इतके खूश झालात की ती आरोळी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलीत. माझा लेक ईशान वरच्या मजल्यावर चित्र काढत होता, तो धावत खाली आला.

मग ते पान आलं. त्यात मी लिहिलं होतं की शेवटच्या दिवशी दवाखान्यातून बाबांचा फोन आला, आम्ही बोललो, आवाज अगदी बारीक झाला होता, "जपून राहा, ईशानला मराठी शिकव," म्हणाले, आणि मी हो म्हटलं.

टक टक.

मी पान घरी नेलं, शब्द बदलले, पुन्हा आले. टक टक. मग मी चक्क तालीम केली, काका. न्हाणीघरात आंघोळीचं पाणी सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, ते पान वीसदा म्हटलं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं बसवलं. तिसऱ्या खेपेला मी स्वतःच्याच वाचण्यावर खूश होते. आणि तुम्ही डोळेसुद्धा न उघडता, त्याच ओळीला, टक टक.

"तुम्हाला शब्द तरी कळतो का एक?" मी ओरडलेच.

"नाही," तुम्ही म्हणालात. "पण तिथपर्यंत तुम्ही चालत आलात, आणि तिथे टॅक्सीत बसलात."

मी वही उचलली, चपला घातल्या आणि निघाले. दोन महिने आले नाही. तुमच्या गल्लीतून जायला लागू नये म्हणून कोनबिनीला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाला, लांबच्या रस्त्याने जायचे. राग खोटं पकडल्याचा नव्हता हो. तुम्ही ते पकडलंत आणि मग काय खरं आहे ते विचारलंसुद्धा नाहीत, याचा होता. एकदा जरी विचारलं असतंत, तर मी कदाचित तिथेच बसून रडून मोकळी झाले असते.

खरं काय, ते आता सांगते. बाबा एकदाच इथे आले होते, महिनाभर. पहिल्याच दिवशी इचिकावाहून गाडीत बसल्या बसल्या त्यांनी त्यांच्या त्या शिवारातल्या आवाजात विचारलं, "काय गं, ही माणसं कुणाच्या मयताला चाललीत का? कुणी बोलतच नाही!" अख्खा डबा वळून बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्या दंडाला धरून म्हटलं, "बाबा, हळू. इथे गाडीत बोलत नाहीत. फोनसुद्धा घेत नाहीत." ते गप्प झाले. परतेपर्यंत महिनाभर ते गाडीत एक शब्द बोलले नाहीत, खिडकीतून काही दाखवायचं असलं तर कोपराने ढोसायचे. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे सांगायचीही आता लाज वाटते.

दोन वर्षांनी, सकाळी, कावासाकीच्या ऑफिसला निघाले होते. सरळ जाणारी गाडी, नेहमीचा डबा, नेहमीची गर्दी. माझा भाऊ नंदू, त्याचा फोन आला. तिकडे पहाट. बाबा दवाखान्यात आहेत हे माहीत होतं, पण काल तर बरे होते. मी फोन कट केला आणि टाइप केलं, "ट्रेनमध्ये आहे. उतरून करते." तेवढ्यात किन्शिचो स्टेशन आलं. दारं उघडली. माझ्या डाव्या हाताला दार, दोन पावलांवर. मी विचार केला, काका. इथे उतरले तर ही गाडी जाईल, नऊची मीटिंग आहे, जपानी क्लायंट आहेत. दारं बंद झाली. मीटिंग संपवून फोन केला तेव्हा बाबा जाऊन तासाहून जास्त वेळ झाला होता. त्यांनीच नंदूला सांगितलं होतं, ताईला लाव म्हणून.

नंदू मला एक शब्द लागट बोलला नाही. उलट म्हणाला, "ताई, आईला मी सांगितलंय, तिचा डोळा लागला होता तेव्हा तुझं आणि बाबांचं बोलणं झालं. तिला तेवढाच आधार. तूही तेच सांग." मग "जपून राहा" आलं, "ईशानला मराठी शिकव" आलं. आईला सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, ईशानला तर झोपताना सांगितलं. सांगून सांगून मला ते बाबांच्या आवाजात ऐकू यायला लागलं होतं. आता खरं छापायचं म्हणजे ऐंशीच्या घरातल्या आईच्या हातचा आधार पुस्तक पाठवून काढून घ्यायचा. आणि न छापावं तर समोर तुम्ही, पेन्सिल घेऊन बसलेले.

दोन महिन्यांनी तुम्हीच आमच्या दाराशी आलात, काखेत कागदांचा गठ्ठा. "आता तुम्ही ऐका," म्हणालात. नऊ वर्षांनी लिहिलं होतंत. मला वाटलं, म्हाताऱ्याने समेट करायची युक्ती काढली. आता कळतंय की तुम्हाला खरंच गरज होती. चार रविवार मी फुमिको-सानच्या खुर्चीत बसले, आणि तुम्ही तुमच्या दरीतली भाषा वाचत होतात. तुमची पेन्सिल तुम्ही माझ्यासमोर ठेवली होतीत. मला फक्त नावं कळत होती. आंद्री, आंद्री, पुन्हा आंद्री. कुठे तुम्ही स्वतःशी हसायचात, कुठे घसा खाकरायचात. चौथ्या रविवारी एका पानावर आंद्रीचं नाव आलं आणि त्यानंतर तुमचा आवाज एकदम गुळगुळीत झाला, स्टेशनवरची अनाउन्समेंट असावी तसा. मला स्वच्छ ऐकू आलं. माझा हात पेन्सिलीकडे गेलासुद्धा.

मी वाजवली नाही. वयाने एवढा मोठा माणूस, नऊ वर्षांनी लिहितोय, त्याला कसं म्हणायचं की इथे खोटं आहे? तुम्ही वाचायचे थांबलात. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिलात. बराच वेळ वाट बघितलीत.

"छान आहे," मी म्हटलं.

तुम्ही कागद गोळा केलेत, दोरी बांधलीत, आणि हळूच म्हणालात, "तुम्ही फार जपानी झालात." तुमची मुलगी मारी-सान चहा घेऊन येत होती, ती अर्धी जपानी असून हसली. मला मात्र ते थेट काळजात लागलं, कारण किन्शिचोच्या त्या दारापाशी मी नेमकी तेवढीच झाले होते. पुढच्या आठवड्यात तुम्हाला दवाखान्यात नेलं आणि पाचवा रविवार आलाच नाही.

म्हणून आज सांगते, काका. तुमच्या गठ्ठ्याच्या त्या पानावर, आंद्रीच्या नावानंतर, तुम्ही टॅक्सीत बसलात. भावाचं आणि तुमचं काय झालं होतं, मला माहीत नाही. तुम्ही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण मला ऐकू आलं होतं. माझी भीड आड आली आणि तुमचं एक पान अडवायचं राहिलं. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी तुमच्यासाठी केलं नाही, याचं वाईट मला जन्मभर वाटणार आहे. परवा त्या पानाच्या कडेला मी तुमच्याच पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आणि मारी-सानला दाखवली. ती गठ्ठा तुमच्या दरीत पाठवणार आहे, कुणी वाचणारं मिळालं तर. निदान त्याला कळेल की इथे कुणीतरी थांबलं होतं.

आता तुम्ही गेलात तो दिवस. मी ऑफिसला निघाले होते, तीच गाडी. शिनागावा सुटलं आणि फोन थरथरला. मारी-सान. मी दाराशी गेले. पुढचं स्टेशन निशि-ओई. इतक्या वर्षांत मी तिथे कधी पाय ठेवला नव्हता, तिथे कोण उतरतं! दार उघडल्याबरोबर मी उतरले. पाठीमागे गाडी निघून गेली, ऑफिस गेलं खड्ड्यात. मारी-सान म्हणाली, "बाबा बोलत नाहीयेत. पण डॉक्टर म्हणतात, ऐकू येत असेल. फोन कानाशी धरते."

काय बोलायचं? जपानीत सुचेना. मग मी मराठीतून सुरू केलं. ते पान म्हटलं, खरं असलेलं, जे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फोन आला, मी कट केला, दारं उघडली, मी उतरले नाही. त्या फलाटावर उभी राहून मी हे मोठमोठ्याने सांगत होते. गाडी यायची तेव्हा थांबायचे, ती गेली की पुढे. पलीकडे उभे असलेले एक गृहस्थ नम्रपणे दुसरीकडे बघत होते. मला कशाचीच लाज वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांच्या आवाजात बोलले असेन.

संपल्यावर मारी-सानचा आवाज आला. "सकाळी त्यांनी खुणेनं पेन्सिल मागून घेतली होती. हातातच आहे."

"वाजवली का?" मी विचारलं.

"नाही."

दुपारी तुम्ही गेलात. मी खरं बोलले म्हणून पेन्सिल वाजली नाही, की बोटांत जोरच उरला नव्हता म्हणून? हा प्रश्न तुम्ही माझ्या गळ्यात टाकून गेलात, म्हणून तर मी चिडलेय. तुमच्याशिवाय याचं उत्तर देणारं कुणी नाही. ईशानला तर भलताच प्रश्न पडला होता. अंत्यदर्शनाला तुमच्याजवळ उभा राहून तो मला जपानीत म्हणाला, "आजोबांना मराठी येत होतं ना?" मी नाही म्हटलं, तर त्याचा विश्वासच बसेना. "मग ते एवढं ऐकायचे कशाला?"

तेराव्या-चौदाव्याला माणसाने काय करायचं ते आमच्याकडे ठरलेलं आहे. तुमच्यासाठी काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून परवा मी आईला फोन लावला. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "आई, पुस्तकात एक गोष्ट येणार आहे. त्या दिवशी बाबांचं आणि माझं बोलणं झालं नव्हतं. मी फोन कट केला होता."

पलीकडे भाजीची जुडी सुटल्याचा आवाज. मग आई म्हणाली, "माहितीये मला."

"कसं?"

"नंदू म्हणतो, माझा डोळा लागला होता. डोळा कसला लागतोय अशा वेळी! पडून होते नुसती. तो रेंज बघायला बाहेर गेला, तशी मी उठले. ह्यांनी विचारलं, लागला का? म्हटलं, कट झाला. तर म्हणाले, 'गाडीत असेल ती. तिकडे गाडीत बोलत नाहीत.' असं म्हणाले, आणि मला म्हणाले पाणी दे."

 आई म्हणत होती, "नंदूला वाटलं, मला बरं वाटेल. तुला वाटलं, मला बरं वाटेल. म्हटलं, असू दे. छाप तू काय छापायचं ते. आणि रडू नकोस, ईशान घाबरेल."

काल सकाळी मी तुमच्या तळमजल्यावर गेले. मारी-सान मला तुमच्या खुर्चीत बसवत होती, मी ऐकलं नाही, माझ्याच खुर्चीत बसले. तुमच्या खुर्चीत ती बसली. तिला मराठी येत नाही, म्हणजे नियमाला धरूनच. पेन्सिल तिच्यासमोर ठेवली. मी पान वाचलं. फोन, कट, किन्शिचो, उघडलेली दारं, मीटिंग. तिचा हात टेबलावर स्थिर होता. मग पुढे त्या पानात निशि-ओई नाही, तुम्ही नाही, ते सगळं फक्त या लेखात. सरळ आईचा फोन आणि बाबांचं ते वाक्य. आणि त्यानंतर मी शेवटी एक ओळ लिहिली होती, "हे ऐकलं आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं."

टक टक.

मी दचकून वर बघितलं. मारी-सान स्वतःच दचकली होती, पेन्सिलीकडे बघत होती. "सॉरी, मेधा-सान," ती म्हणाली. "मला काही कळलं नाही. पण तिथे..."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

ओझं उतरलेलं नाही, काका. उतरायचंही नाही. ती ओळ मी तिथेच, तुमच्या टेबलावर, तुमच्या पेन्सिलीने खोडली आणि पान छापखान्यात पाठवलं. पुस्तक आता बाबांच्या बोलण्यावर संपतं. गाडीत असेल ती. तिकडे गाडीत बोलत नाहीत.